चेब किती झालं?

आमच्या कोल्हापुरात कुणी दुकानात शिरलं, की आतून पहिला आवाज येतो, "काय पायजे?" त्यात राग नसतो. पुण्याच्या पाहुण्यांना तो ऐकू येतो, त्याला आमचा इलाज नाही. मंगळवार पेठेतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात मीही बायकांचं स्वागत याच दोन शब्दांनी करत आले आहे आणि अजून एकही बाई रुसून मागे फिरलेली नाही. त्यामुळे क्लिंगॉन भाषेत 'नमस्कार'ला शब्दच नाही, माणूस भेटला की सरळ 'नुक्नेख' म्हणायचं आणि त्याचा अर्थ 'काय पाहिजे?' असा होतो, हे समजलं तेव्हा मला ती भाषा शेजारच्या गल्लीतली वाटायला लागली.

क्लिंगॉन ही पृथ्वीवरच्या कुठल्याच माणसांची भाषा नाही. पडद्यावर परग्रहावरची एक लढवय्यी जमात दाखवायची होती, तिच्या तोंडी घालायला एका विद्वानानं बसून ती बनवली. पण बनवली ती मन लावून. तिला व्याकरण आहे, शब्दकोश आहे, आणि जगभरातली हौशी माणसं ती शिकतात. आम्ही दोघी बहिणी शिकलो त्यात मात्र हौस कमी आणि माझा हट्ट जास्त होता. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं. माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर जर्मन शिकायचं होतं आणि एकटीला कंटाळा येतो म्हणून तिनं मलाही बसवलं. भाषांची नावं वर सरकवताना माझं बोट भलत्याच नावावर टेकलं. ती हसली. चूक झाली हे कबूल करणं माझ्या रक्तात नाही, म्हणून मी म्हणाले, "मला हीच शिकायची होती." थोड्याच दिवसांत तीच जर्मन सोडून माझ्याकडं आली. जर्मनमध्ये म्हणे टेबलालासुद्धा लिंग असतं.

"आपल्यात पण असतंय की," मी म्हणाले.

"आपल्यातलं आपल्याला येतंय," ती म्हणाली. "दुसऱ्याचं कशाला पाठ करत बसू?"

या भाषेला घसा लागतो. अर्धे उच्चार खाकरल्यासारखे, उरलेले दम दिल्यासारखे. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी वेगळी मेहनत करावी लागत नाही. आम्ही उजळणी करत असताना शेजारच्या काकू दोनदा भांडण सोडवायला आल्या. शिवाय आपल्या वर्णमालेतलं ते बिचारं 'ङ'. शाळेच्या तक्त्यावर क ला कमळ होतं, ख ला खटारा होता, आणि ङ ची चौकट मोकळी. त्याच्यापासून सुरू होणारा शब्दच नव्हता. क्लिंगॉनमध्ये आहे. 'ङि' म्हणजे वजन भरणं. कलिंगड तीन किलो भरलं, यातलं भरणं. वाक्य मात्र उलटं बोलायचं, आधी वजन, मग भरणं आणि शेवटी वस्तू. तीन किलो भरलं कलिंगड. ही मोठी अवघड रचना आहे असं शिकवणारे सांगतात. आमच्या मंडईत सगळे असंच बोलतात.

वजनाचं त्यांचं माप म्हणजे 'चेब', साधारण सव्वादोन किलो. लांबीचं माप 'उज्', साडेतेरा इंचांच्या किंचित पुढं. बाकीची भाषा हौसेपुरती राहिली, पण ही मापं माझ्या धंद्यात घुसली. त्याचं कारण माझा आवाज. शिलाईच्या दुकानात एकजण माप घेऊन सांगतं आणि दुसरं चिठ्ठीवर लिहितं. धाकटी तेव्हा माझ्याकडं राहायची आणि संध्याकाळी चिठ्ठ्या लिहायला बसायची. मी "कंबर अडतीस" म्हणाले, की समोरच्या पानपट्टीवाल्यालाही ते कळायचं. बायका लाजायच्या. एखादी तर श्वास ओढून पोट आत घ्यायची आणि मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून माझ्याशीच भांडायला यायची. शेवटी मी टेपवर प्रत्येक उजाला लाल दोऱ्याचा टाका घातला आणि मापं क्लिंगॉनमध्ये ओरडायला सुरुवात केली.

चौतीस छाती म्हणजे बरोबर अडीच उज्. अडतीस कंबर म्हणजे पावणेतीनच्या जरा वर. खरं तर तिथं अडीच असं काही म्हणता येत नाही. त्यांच्याकडं दशांशाचं टिंब आहे, त्याला 'वि' म्हणतात. दोन वि पाच, असं बोलायचं. सव्वा, पाऊण, पावणेतीन हे शब्द आम्हाला तरी कुठं सापडले नाहीत. एवढी शूर जमात आणि पाऊण म्हणता येत नाही, याची मला दया आली. आम्ही आमचे शब्द त्यांना देऊन टाकले. बायका खूश झाल्या. उज् म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर "शिलाईतलं माप हाय" म्हणून मी सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

मग धाकटीचं लग्न मुरगूडच्या घरात झालं. तिचे यजमान जयसिंगपूरला नोकरीला. दिवस राहिले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती माझ्याकडं आली. आमचं खरं माहेर चंदगडच्या डोंगरात, आणि पावसाळ्यात तिथं दवाखान्यापेक्षा ढग जवळ असतात. आई-वडीलच म्हणाले, "थोरलीकडंच राहा." सगळं व्यवस्थित ठरलं होतं, फक्त बाळाला कुणी विचारलं नव्हतं. ते जवळजवळ दोन महिने आधीच आलं.

मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नळ्या, पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी ती. वजन भरलं एक किलो साडेतीनशे ग्रॅम. डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. "श्वास बरा आहे," त्या म्हणाल्या. "आता वजन वाढू दे. सव्वादोन किलोच्या आसपास आली आणि नीट प्यायला लागली, की घरी न्या. तोवर ती आमची." पलंगावर पडल्या पडल्या धाकटीनं माझ्याकडं पाहिलं आणि पुटपुटली, "एक चेब." त्या दिवसात तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. एक चेब भरलं की घरी. भरलं नाही तर काय, हे आम्ही दोघींनीही तोंडातून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई मुरगूडहून एसटीनं आल्या. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात, आणि बहिणीची सासू म्हणून मीही त्यांना आत्तीच म्हणते. म्हशी शेजारणीच्या हवाली केल्या होत्या. त्यांनी काचेतून नातीला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि बाहेर येऊन पहिला हुकूम सोडला.

"हिचं वजन कुणी तोंडातनं काडायचं न्हाय. दृष्ट लागती. डाक्टरीणबाई, तुमीबी न्हाय."

"अहो आजी, आम्हाला बोलावंच लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग हळू बोला."

तान्ह्या बाळाचं वजन चारचौघांत सांगू नये, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात आणि सगळेच सांगतात. आत्तींचं तसं नव्हतं. किलो, ग्रॅम, हलकी, बारीक, एवढीशी, सगळे शब्द त्यांनी बंद करून टाकले. माझा दृष्टीबिष्टीवर विश्वास नाही आणि हुकूम ऐकायची सवय तर त्याहून नाही. मी भांडलेच असते. पण धाकटीनं माझा हात दाबला, आणि तिच्या तोंडाकडं बघून मी गप्प बसले. गप्प बसणं मला महाग पडतं, दोन दिवस डोकं दुखतं.

धाकटी दवाखान्यातच आयांच्या खोलीत राहिली. दर दोन-तीन तासांनी बाळाला तिचं दूध लागायचं. मी घरी, म्हणजे दुकानाच्या मागच्या खोल्यांत, आणि आत्ती माझ्याकडं. रोज सकाळी वजन झालं की धाकटीचा फोन यायचा. माझे हात मशिनवर, म्हणून फोन स्पीकरवर. समोर आत्ती लसूण सोलत बसलेल्या. मग दुसरी कुठली भाषा बोलणार?

"चेब अर?" मी विचारायची. म्हणजे, चेब किती?

"पघ वि जव," ती सांगायची. शून्य पूर्णांक सहा.

बाळाला त्या भाषेत 'घु' म्हणतात. तो शब्द आम्ही पहिल्याच दिवशी रद्द केला. कुणाला कळलं नसतं तरी, आपल्या पोरीला असं म्हणायला मराठी जीभ उचलत नाही.

पहिल्या काही दिवसांत वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. अशा बाळांचं आधी उतरतंच, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, पण सांगून ठेवलेलं वेळेला उपयोगी पडत नाही. सहाच्या खाली आलं, साडेपाचावर टेकलं. धाकटीनं मला फोनवर तो आकडा सांगितला, न रडता. नंतर ती मला म्हणाली, "किलोमध्ये सांगायचं असतं, तर मला जमलंच नसतं." ते मलाही पटलं. सव्वा किलो म्हटलं, की डोळ्यांसमोर किराण्याची पुडी यायची. त्या भाषेत आकडा नुसता आकडा होता, आणि तो ओरडूनच सांगावा लागायचा. ओरडताना माणसाला रडता येत नाही. माझा एरवी बदनाम झालेला आवाज त्या महिन्यात दोघींच्या कामाला आला.

आत्तींचा समज असा, की आम्ही कानडी बोलतोय. चंदगडच्या पोरी, सीमेवरच्या, येत असणार. काही दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग लसणाची पाकळी हातात धरून म्हणाल्या, "ह्ये कुठलं कानडी गं? माझी भन निपाणीत दिलीया, ती असं न्हाई बोलत."

"आमच्याकडचं येगळं हाय, आत्ती. डोंगरातलं."

"लई राकट हाय."

"डोंगरातलंच की," मी म्हणाले आणि मशिन सुरू केलं.

साडेपाचावरून वजन परत सहावर आलं आणि मग रोज थोडं थोडं वर सरकायला लागलं. षोच म्हणजे सात, चोर्घ म्हणजे आठ. या दोघांच्या मधोमध पाऊण येतं. त्या दिवशी धाकटी इतकी खूश होती, की आकडे सोडून तिनं फोनवर सरळ "पाऊण" असं ओरडून सांगितलं. आत्तींनी मान वर केली. "पाऊण काय?"

"पाऊण तास झोपली," मी म्हणाले.

"मग त्येला एवडं वरडायचं? उठंल की पोर."

नर्सनं झबलं चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा मापही फोनवरच आलं. छाती पाऊण उज्. माप घेताना टेपवर इतक्या अलीकडं माझं बोट कधी थांबलं नव्हतं. मी धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलचं झबलं बेतलं. बाही कापली तेव्हा ती माझ्या दोन बोटांवर चढली. आयुष्यभर बायकांच्या दंडाची मापं घेतली, बाह्या शिवल्या. त्या बाहीला टाका घालताना मात्र सुई तीनदा ठेवून द्यावी लागली. आत्तींनी झबलं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि नीट घडी घालून परत दिलं. नाहीतर माझ्या शिलाईला नावं ठेवल्याशिवाय त्या राहत नसत.

मग 'खुत' आलं, म्हणजे शून्य पूर्णांक नऊ. आता एक चेब हाकेच्या अंतरावर होतं. रोज सकाळी मी फोनकडं डोळे लावून बसायची. ज्या दिवशी घोटाळा झाला, त्या दिवशी सकाळचा फोन आलाच नाही. दवाखान्यात गडबड होती म्हणे. दुपारी मीच लावला. आवाज तुटत होता, मागं कुठलंतरी यंत्र वाजत होतं.

"चेब अर?" मी ओरडले.

पलीकडून काहीतरी तुटक ऐकू आलं, आणि मग धाकटीचा आनंदानं फुललेला आवाज आला, "वा!" आणि फोन कटला.

आता क्लिंगॉनमध्ये 'वा' म्हणजे एक. एक चेब. मी शिवण अर्धी टाकून उठले. आत्तींना म्हणाले, "चला, पोरगीला घरी आणायचं." आत्तींनी कसं, काय, किती, काही विचारलं नाही. बांधून ठेवलेली पिशवी त्यांनी फळीवरून काढली. त्यात दुपटं होतं, टोपडं होतं, काजळाची डबी होती. कधी बांधून ठेवली होती कोण जाणे. जयसिंगपूरला फोन केला. धाकटीच्या यजमानांना म्हणाले, "पावणं, रजा टाका आणि या." वाटेत रिक्षा थांबवून पेढे घेतले. दवाखान्याच्या जिन्यावरच मी पेढे वाटायला सुरुवात केली. पहारेकऱ्याला दिला, दोन नर्सना दिला, ओळख ना पाळख अशा एका आजोबांना दिला.

वर धाकटी दारात उभी होती. आम्हाला पिशवीसकट बघून म्हणाली, "तुमी कशाला आलाय?"

"वा म्हणालीस न्हवं?"

"म्हणालो की. तिनं आज पैल्यांदा सगळं दूध संपवलं, चमच्यानं, एक थेंब न सांडता. म्हणून वा म्हणालो." मग तिच्या लक्षात आलं. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, मराठीत वा म्हणालो मी."

वजन खुतच्याच जरा पुढं होतं. अजून आठवडाभर तरी लागणार होता. नर्स हसू दाबत आत गेल्या, तोंडात पेढा होता म्हणून त्यांना ते सोपं गेलं. मलाही हसू आलं असतं, पण आत्ती मागच्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांचा चेहरा पाहून मी पेढ्यांचा पुडा मिटला.

"वा म्हंजे काय?" त्यांनी विचारलं. "आनि चेब म्हंजे काय? खरं सांग. कानडी न्हाय ते."

मी सगळं सांगितलं. परग्रहापासून सुरुवात केली, कारण मधूनच सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत, लसणाच्या टोपलीवरून, आम्ही नातीचं वजनच बोलत होतो, हेही सांगितलं. मला वाटलं, आता भडका उडणार, आणि मी त्याला तयारही होते. पण आत्ती खाली फरशीकडं बघत बसल्या.

"माझी पैली पोरगी," त्या म्हणाल्या. "अशीच आदी आलती. खळ्यावर रास चालली हुती, तिथं मी तिला घिऊन गेलतो. कुनीतरी गमतीनं तिला तागडीत घातली आनि वरडून सांगितलं, दोन किलोबी न्हाय की गं ही. समदी हसली. मीबी हसलो." त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "आठवडाबी काडला न्हाई तिनं."

वजन बोलल्यानं कुणाचं काही होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण ते त्या बाकावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. धाकटी माझ्याआधीच रडायला लागली होती. तिचं लग्न होऊन इतके दिवस झाले, पण आत्तींच्या या मुलीबद्दल त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आत्तींनीच डोळे पुसले आणि विचारलं, "ती बोली बोलनारी मानसं कुठं ऱ्हात्यात?"

"कुठंच न्हाईत, आत्ती. ह्या पृथ्वीवर न्हाईत."

"मग दृष्ट लागायची कुनाची?" त्यांनी जरा विचार केला. "त्याच बोलीत बोला मग. मलाबी सांगा. चेब म्हंजे केवडं?"

"चेब म्हंजे सव्वादोन कि..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "किलोत नगं."

"मग अर्धी पायली धरा."

"पायली जुंधळ्याची असती. पोरीची न्हाय." पण त्यांचा अंदाज झाला होता. त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले, हवेतच तोलून बघितलं आणि मान डोलावली. मग म्हणाल्या, "आनि एकाला वा म्हनू नगा. आज बघितलं न्हवं? रास मोजताना आमी पैल्या मापाला एक म्हनत न्हाय. लाभ म्हनतो. लाभ, मग दोन, मग तीन. तुमच्या त्या बोलीतबी लाभच म्हना."

कुणा विद्वानानं इतकं मन लावून बनवलेल्या भाषेत मुरगूडच्या एका बाईनं असा बदल केला, आणि आम्ही तो जागच्या जागी मंजूर केला. तेव्हापासून आमच्या घरचं क्लिंगॉन लाभपासून सुरू होतं.

पुढचे दिवस फोन आत्तींच्या हातात गेला. मुरगूडला म्हशी वाट बघत होत्या, पण त्या हलल्या नाहीत. सकाळी फोन वाजला की त्या माझ्याआधी ओरडायच्या, "चेब अर?" त्यांचा घसा माझ्यापेक्षा तयार निघाला. रानातून हाक मारायची सवय, दुसरं काय. धाकटी पलीकडून आधी हसायची आणि मग आकडा सांगायची. आत्तींना नवाचा 'खुत' फार आवडला. "खुतच्या म्होरं सरकली," असं त्या शेजारच्या काकूंनाही सांगून आल्या. काकूंना वाटलं, बाळ रांगायला लागलं.

आणि एका सकाळी फोनवर धाकटी म्हणाली, "लाभ."

आत्तींनी फोन माझ्याकडं दिला. डोळे पुसून त्यांचा हात ओला झाला होता. मागच्या वेळचे पेढे मला आठवले. मी म्हणाले, "नीट सांग. त्या बोलीत का मराठीत?"

"लाभ दोन्हीकडं लाभच की," ती म्हणाली. "लाभ चेब. डॉक्टरबाई कागद करायला लागल्यात. या आता."

या वेळी पेढे घेतले नाहीत. नर्सनीच विचारलं, कुठं आहेत म्हणून. झबलं अंगाला बरोबर बसलं नाही, कारण मापानंतर पोरगी वाढली होती. माझी शिलाई आखूड झाली म्हणून मला आनंद झाला, अशी आयुष्यातली ती एकच वेळ. डॉक्टरबाईंनी दूध, औषध, ऊब सगळं समजावून सांगितलं आणि बाळ कुणाकडं देऊ म्हणून विचारलं. धाकटीनं आत्तींकडं बोट दाखवलं.

रिक्षात आत्ती मधे, धाकटी एका बाजूला, मी दुसऱ्या. धाकटीच्या यजमानांची मोटारसायकल मागून येत होती. बाळ झोपलं होतं. आत्ती तिच्याकडं बघतही नव्हत्या, सरळ समोर रस्त्याकडं बघत होत्या, आणि दोन्ही हातांनी तिला धरलं होतं. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी हात बदलला. जरा वेळानं पुन्हा बदलला.

"द्या माझ्याकडं," मी म्हणाले. "हात भरून आला असंल तुमचा."

"आला की," त्या म्हणाल्या. "भरून आला." पण बाळ काही दिलं नाही.

पुढं रस्त्यात खड्डा आला आणि रिक्षा हिसकली. आत्ती रिक्षावाल्याकडं वाकल्या आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, साध्या मराठीत म्हणाल्या, "पावणं, जरा दमानं घ्या. पोरगी जड हाय माझी."